उजेडात न दिसणारा इळा

नंदू,

तुझ्या तेरवीला आलेली माणसं जेवून हात धुताना एकच बोलत होती. "बिचारा, जन्मभर आजारीच राह्यला." मी मान हलवत होते. भांडायचं अंगात बळ नव्हतं. तू असतास तर कानाशी येऊन मला, तुझ्या बहिणीला, म्हणाला असतास, "बाई, त्याले अजून एक वडा वाढ, तोंड तरी बंद राहीन." ते मनात आलं आणि मी भर मांडवात हसले. आईनं असं पाहिलं की मी पदर तोंडावर घेतला. लोकांना वाटलं रडते आहे. दोन्ही होतं.

तुझं सिकलसेल आता सगळ्या गावाला माहीत आहे. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या घरी येऊन तू जे केलंस ते कोणाला माहीत नाही. म्हणून लिहिते आहे. 'माझा भाऊ असा होता' असं लिहायला घेतलं की हात चालत नाही. तुझ्याशी बोलते आहे असं धरलं की चालतो.

माझ्या लेकीला, मनूला, तोच आजार निघाला त्या दिवशी मी पहिला फोन तुला केला. दवाखान्यातून आलापल्लीला घरी परतलो होतो. डॉक्टरांनी तिच्यासमोरच कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. चांगल्या माणसाच्या रक्तातल्या लाल पेशी गोल असतात, हिच्या वाकतात, बारीक नसांमधून जाताना अडकतात, म्हणून हातपाय दुखतात. मनू त्या वाकड्या चित्राकडे पाहून म्हणाली होती, "आई, हा तर इळा आहे." डॉक्टर बाहेरचे होते, त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, आमच्याकडे विळ्याला इळा म्हणतात.

 फोनवर तू पहिलं विचारलंस, "तुमच्या दोघायचं रक्त तपासलं?"

"तपासलं. दोघांमध्येही अर्धं अर्धं आहे म्हणे. आम्हाले काही होत नाई, पण तिच्यात दोन्हीकडून आलं."

त्यावर तू बोलू शकला असतास. तुझा आजार बाबांनी लपवला नसता, तर माझ्या लग्नाआधी कोणीतरी आमचंही रक्त तपासलं असतं. तुझ्या जिभेवर ते आलं असणारच. तू एवढंच म्हणालास, "तिले पाणी भरपूर पाजत जा. थंडीत पाय झाकून ठेव. पाय दुखते म्हणली तर आधी खरं समज, मंग बाकीचं विचार." नंदू, ते तू त्या दिवशी उगाळलं नाहीस आणि नंतरही कधी नाही. यासाठी मी तुझे आभार मानायला हवे होते. राहिलंच.

शाळेत कसं पसरलं ते मला अजून माहीत नाही. मनूच्या बाबांची नोकरी जंगलखात्यातली, क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लागून घरं. आधी डबा तसाच परत यायला लागला. मग ईशाचं नाव तिच्या बोलण्यातून गेलं. पहिलीपासून एका बाकावर बसणाऱ्या मुली त्या. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "तिची आई म्हणते, माह्या डब्यातलं खाल्लं तर तिलेही लागते." त्यानंतर रोज सकाळी पोट दुखायला लागलं. तू सांगितल्याप्रमाणे मी आधी खरं समजले. पण शाळेची वेळ टळली की ते दुखणं थांबायचं.

त्यातच स्नेहसंमेलन आलं. वेशभूषा स्पर्धेत प्रत्येकानं भाग घ्यायचा होता. मी मनूला मासोळ्या विकणारी ढिवरीण करायचं ठरवलं. आपल्याच घरातली गोष्ट, टोपली आहे, माझं हिरवं लुगडं कापून बसेल, बाह्या लांब ठेवता येतील. तिच्या दंडावर सुयांचे डाग होते. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. मापं घेताना लाकडासारखी उभी राहिली. ते मी तुला फोनवर सांगितलं, आणि पुढच्या रविवारी तू गोंडपिपरीचं दुकान बंद ठेवून बसमधून उतरलास. हातात तुझ्या स्टेशनरीच्या दुकानातली मोठी पिशवी.

पाणीही न पिता विचारलंस, "बाई, श्रीखंडाचा रिकामा डब्बा आहे का? झाकण पांढरं पाह्यजे, आरपार दिसणारं नाई, दुधासारखं."

"कशाले?"

"तुले काऊन सांगू? मनूचं काम आहे."

मनू दारामागून पाहत होती. तू जमिनीवर बसलास, डावा पाय लांब करून. पिशवीतून दिवाळीतली लाल दिव्यांची माळ निघाली, सेलवर चालणारी. काळा जाड कागद, चिकटपट्टी, पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद, कात्री. ती हळूहळू जवळ आली.

"हे काय बनवून राह्यला, मामा?"

"सुपरहिरोच्या छातीवर चमकते ना, ते."

"कोणच्या सुपरहिरोचं?"

"ते तू सांग."

ती टीव्हीवरची नावं घ्यायला लागली. तू म्हणालास, ते सगळे बाहेरचे, त्यांचे कपडे बाजारात मिळतात, आपण नवीन काढू. मग झाकण काळ्या कागदावर ठेवून गोल आखलंस आणि त्या गोलाच्या मध्ये पेन्सिलीनं एक आकार काढलास.

"चंद्र," मनू म्हणाली.

"चंद्र नाई. डॉक्टरनं काय काढलं होतं?"

तिनं हातात घेतलेली कात्री खाली ठेवली. उठून मागच्या अंगणात गेली आणि सागाच्या झाडाला टेकून पाठमोरी बसली. मी तुला स्वयंपाकघरात ओढलं. त्या दिवशी आपण जेवढं भांडलो तेवढं लहानपणीही भांडलो नसू. आणि तेही दबक्या आवाजात.

"पोरगी आधीच कोमेजून राह्यली आणि तू तिच्या छातीवर तिचा आजार लावतो? काऊन?"

"लपवून काय भेटते, ते मी पाह्यलं म्हून."

"तू पोरगा आहेस. तिचं उद्या लग्न..."

"बाई," तू मला थांबवलंस. "मले पीटीच्या मास्तरनं उन्हात उभं केलं होतं, आठवते? धावत नाई, आळशी आहे म्हून. मले तोंड होतं, सांगता येत होतं. पण बाबांनी घरी बजावून ठेवलं होतं, कोणाले सांगायचं नाई, बाईचं लग्न जमाचं आहे. तुह्या लग्नासाठी मी गप्प राह्यलो. आता मनूले कोणासाठी गप्प बसवतेस?"

यात राग नव्हता. राग असता तर मला परत बोलता आलं असतं. तू फोडणीच्या डब्याकडे पाहत बोललास, जणू जिऱ्याला सांगतो आहेस. मी गॅसवर उगीच दूध ठेवलं. तू मैदानाच्या कडेला उभा आहेस आणि मी मैत्रिणींबरोबर वरच्या वर्गाच्या खिडकीतून पाहते आहे, हे मला दिसत होतं. तेव्हा तुझ्या उभं राहण्याशी माझ्या लग्नाचा काही संबंध आहे हे मला ठाऊक नव्हतं.

दूध वर यायच्या आधी मनू दारात उभी होती. किती ऐकलं कोण जाणे. तिनं विचारलं, "मामा, तुह्याही रक्तात आहेत का इळे?"

नंदू, तिला हे आम्ही सांगितलंच नव्हतं. मामा अशक्त आहे, मामाला ताप येतो, मामाला दगदग सोसत नाही. एवढंच तिला माहीत.

"आहेत ना. तुह्यापेक्षा जुने आहेत."

"तुले दुखते?"

"आत्ता दुखून राह्यलं. हा गुडघा."

तिनं तुझ्या गुडघ्याकडे असं पाहिलं, जणू तिथं काही दिसणार आहे. "मंग तू बसमध्ये कसा आला?"

"बसून."

ती हसली. कितीतरी आठवड्यांनी. मग पुढच्या खोलीत गेली आणि कात्रीचा आवाज यायला लागला. आपण दोघं तिथंच उभे. तिकडूनच तिनं ओरडून सांगितलं, "पण बटन माह्या हातात पाह्यजे. मी म्हणीन तेव्हाच दिवा लागला पाह्यजे. नाईतर कोणाले दिसाले नाई पाह्यजे."

तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. मी म्हणत होते झाक, तू म्हणत होतास दाखव. तिनं तिसरंच सांगितलं, आणि ते आपल्या दोघांनाही सुचलं नव्हतं.

माझ्या मशीनवर मी माझ्या मरून रंगाच्या परकराची पाठीवरची झूल शिवली. मनूनं काळ्या कागदातून इळा कापून काढला, थोडा वाकडाच. तो कागद झाकणाच्या पुढून चिकटवला, म्हणजे उजेड फक्त इळ्यातून बाहेर यावा. झाकणाच्या आत लाल दिव्यांची माळ गुंडाळून, तिच्यामागे चांदीचा कागद आणि चिकटपट्टी. सेलचा डबा कमरेच्या पट्ट्यात. बटणासाठी तू माळेची एक तार मधोमध कापलीस. तिची दोन टोकं बाहीतून खाली आणून हातमोज्याला लावायची होती, एक अंगठ्याला आणि एक पहिल्या बोटाला, दोन्हीवर चांदीच्या कागदाचं टोपण. बोटं जुळली की दिवा लागेल, सुटली की विझेल. थंडीनं तुझी बोटं वळत नव्हती. तारेचं वरचं प्लास्टिक सोलायला तू तीनदा घेतलंस आणि शेवटी मनूकडे दिलंस. तिनं दातानं सोललं. मी ओरडले. तुम्ही दोघंही माझ्यावर ओरडलात.

पहिल्यांदा लागलाच नाही. तू तारा पाहिल्यास, चिकटपट्टी काढलीस, मला उगीच म्हणालास की तुझी शिलाई आड येते आहे. मनूनं सेलचा डबा उघडला. एक सेल उलटा होता. तू टाकलेला. तिनं तो सरळ केला, अंगठा बोटाला लावला.

भर दुपार होती, खोलीत ऊन आलेलं. नीट दिसेना. मग ती पलंगाखाली सरपटत गेली आणि आतून हाक मारली, "मामा, ये ना पाहाले." तू दुखऱ्या गुडघ्यानं पलंगाखाली गेलास. मला फक्त तुमचे पाय दिसत होते. तुझ्या भेगाळलेल्या टाचा आणि शेजारी तिची लहान पावलं. आतून लाल उजेड फरशीवर यायचा आणि जायचा. तुम्ही कुजबुजत होता. काय, ते मी विचारलं नाही. मनूनं अजून सांगितलेलं नाही, आणि मी विचारणारही नाही.

संमेलनाच्या दिवशी मंडप शाळेच्या मैदानात. तू पुन्हा आलास, दुकान पुन्हा बंद. मी तुझ्या शेजारी बसले होते. मनूच्या आधी एक झाड झालेला मुलगा होता, एक वाघ झालेला, दोन-तीन डॉक्टर. मग ती आली. मरून झूल, छातीवर काळी चकती. काही कळत नव्हतं ती कोण आहे. शाळेच्या बाईंनी माइक पुढे केला. "तू कोण आहेस, बेटा?"

 तिचे हात मांडीला घट्ट लावलेले, बोटं दूर दूर ठेवलेली. मला वाटलं आता रडेल, उठून जाऊन घेऊन यावं. तू माझ्या मनगटावर हात ठेवलास. उठू दिलं नाहीस.

"मी सुपर इळा आहे," ती म्हणाली. मागून कोणीतरी हसलं. "माह्या रक्तात इळे आहेत. ते मले टोचतात. माह्या मामालेही टोचतात. दुसऱ्याले टोचत नाईत. डब्बा खाल्ला तर लागत नाईत. बाजूले बसलं तर लागत नाईत." मग तिनं बोटं जुळवली.

आणि काहीच दिसलं नाही. दहाचं ऊन सरळ स्टेजवर पडलेलं. लाल दिवे त्यात कुठले दिसायला? ती छाती पुढे काढून उभी, लोक पाहत आहेत, छातीवर काळी चकती तशीच. तू तोंडातल्या तोंडात म्हणालास, "बाई, मांडवातल्या उन्हाचा विचारच केला नाई मी." तुझा चेहरा इतका पडलेला मी कधी पाहिला नव्हता, दवाखान्यातही नाही.

पहिल्या रांगेतून आवाज आला. "दिसतच नाई." ती ईशा होती.

मनूनं माइक सोडला. स्टेजच्या पायऱ्या उतरली, झूल सावरत थेट ईशापुढे जाऊन उभी राहिली. झूल दोन्ही हातांनी चकतीभोवती धरून अंधार केला आणि म्हणाली, "असं पाहा. डोकं आत घाल."

ईशानं मागे तिच्या आईकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती बाई काहीच बोलली नाही, हो नाही, नाहीही नाही. मग ईशानं डोकं झुलीच्या आत घातलं. दोन मुलींची डोकी एका मरून परकरात. आतून ईशाचा आवाज, "अजून एकदा लाव." मग वाघ आला, झाड झालेला मुलगा फांद्या सांभाळत आला, डॉक्टर आले. बाई माइकवरून सगळ्यांना जागेवर बसा म्हणत राहिल्या.

बक्षीस झाडाला मिळालं. तुला आठवत असेल, मनूनं विचारलंही नाही.

सगळं एका दिवसात बदललं असं नाही. काही मुलं अजून लांब बसतात. ईशाच्या आईनं माझ्याशी बोलायला उन्हाळा लागला. पण डबा रिकामा यायला लागला, आणि सकाळचं पोट दुखणं गेलं. संमेलनाच्या दिवशी बसस्टँडवर तुला सोडायला आले तेव्हा तू तेच ते बोलत होतास, लाल नको, पांढरे दिवे लावायला हवे होते, माळ डबल करायला हवी होती. मी तुला सुकटाच्या चटणीचा डबा दिला आणि बस लागली म्हणून सांगितलं. जे म्हणायचं होतं ते त्या चटणीत होतं. तुला कळलं असेल असं धरून चालते. चटणी तिखट झाली होती, असा तुझा फोन आला होता.

या पावसाळ्यात तुझी छाती भरली. चंद्रपूरच्या दवाखान्यात मी तुझ्याजवळ बसले तेव्हा नाकात नळी असतानाही तू भांडण उकरून काढलंस. मी म्हटलं होतं, मनू मोठी झाली की सोयरिकीच्या वेळी पाहू, काय सांगायचं आणि किती ते. तू मान हलवलीस. "तू कोण पाहणारी? तिले विचार."

"ती लहान आहे, नंदू."

"आत्ता नाई. तेव्हा. पण तिलेच."

"आपण लोकांत राहतो. तुले समजत नाई."

"मले?" तू म्हणालास आणि हसायला गेलास, तर खोकला आला. मी म्हटलं, बोलू नको, उद्या बोलू. तू डोळे मिटलेस. तो उद्या आपल्याला मिळाला नाही. हे भांडण माझ्याकडे अर्धंच राहिलं आहे, आणि खरं सांगू, मला अजूनही वाटतं की तू थोडा चुकतोस. लोक मंडपातल्या मुलांसारखे नसतात. तू असतास तर यावर काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे, पण ते तू म्हणायला हवं होतंस, मी तुझ्यावतीनं म्हणण्यात मजा नाही.

आता शेवटचं सांगते, कारण हे तुला ऐकायला आवडेल.

तेरवीनंतर आम्ही आलापल्लीला परत आलो. सकाळी मी मनूची वेणी घालत होते. आरसा समोर होता, ती आरशातून माझ्याकडे पाहत होती.

"आई, मामासारखं माह्यंही होईन का?"

माझा हात थांबला. आपल्या घरात अशा प्रश्नाला काय उत्तर देतात ते तुला ठाऊक आहे. काही नाही होत, देवाचं नाव घे, असलं बोलू नये, जा, उशीर होतो आहे. ही सगळी वाक्यं माझ्या तोंडापर्यंत आली. आई हेच म्हणाली असती. मीही म्हणाले असते, तू त्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरात उभा राहिला नसतास तर.

"मले माहीत नाई, मनू," मी म्हटलं. "मामाच्या लहानपणी गोळ्या नव्हत्या, तुले आहेत. मामाचं कोणी ऐकलं नाई, तुह्यं आम्ही ऐकतो. ताप आला की लगेच दवाखान्यात जाऊ. पण पुढचं मले माहीत नाई. माहीत असतं तर सांगितलं असतं."

 मला वाटलं, हे फार झालं, लहान पोरीला असं सांगतात का. आरशात माझे डोळे भरलेले तिला दिसत होते आणि मी ते पुसले नाहीत.

"बरं," ती म्हणाली. "मले वाटलं तू खोटं सांगशील."

मग तिनं रिबीन माझ्या हातात दिली, आणि घट्ट बांध म्हणाली, आज खो-खो आहे, दम लागला तर मी सांगून बसणार आहे. मी घट्ट बांधली. ईशा फाटकापाशी उभी होती. दोघी गेल्या.